फ्रीजमधला हायपो, टाकीचं पाणी

माझी धाकटी जाऊ मीच पसंत केली. दिरासाठी मुली बघायला जायचं असलं की सासूबाई मला बरोबर पाठवायच्या. शिकलेल्या मुलीची पारख शिकलेलीलाच, असं त्यांचं म्हणणं. ही मुलगी अमळनेरची, बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास. मी एम.एस्सी. आणि नुकतीच जळगावच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलेली. चहा-पोहे झाल्यावर मी तिला विषयातला एक सोपा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आठवत नाही हो," आणि हसली. लाजली नाही, सावरासावर केली नाही. घरी येऊन मी सांगितलं, मुलगी सरळ आहे, करून टाका. मनात असंही होतं की हिच्यापासून आपल्याला काही धोका नाही.

आज तिचे धुळ्याला देवपुरात केमिस्ट्रीचे क्लास आहेत. खाली हॉलमध्ये क्लास, वर घर. सकाळी साडेसहापासून दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. माझे सासरे तिच्याकडेच राहतात. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्या चपला ओळीत लावायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं आहे. माझ्या कॉलेजच्या वर्गात मुलं हजेरीपुरती येतात, तीही प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत म्हणून. हे मला ठाऊक आहे. मी त्याचं फार वाईट वाटून घेत नसे. सगळ्याच कॉलेजांत तसंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात अकरावीची परीक्षा संपली आणि माझी मुलगी काकूकडे चार दिवस राहायला म्हणून गेली. चाराचे आठ झाले. फोनवर दर वाक्याची सुरुवात 'काकू म्हणते'ने व्हायला लागली. काकू म्हणते सकाळी लवकर उठलं की डोकं हलकं राहतं. हेच मी दहा वर्षं सांगत होते. काकूच्या हातची गिलक्याची भाजी छान होते. माझ्या घरात गिलकं शिजलं तर ही पोरगी लोणचं-पोळी खायची. एकदा तर तिने स्टेटसला फोटो टाकला. दोघी गच्चीवर, दोघींच्या सारख्या वेण्या, खाली लिहिलेलं, 'बेस्ट टीचर'. तो फोटो आमच्या कॉलेजातल्या तीन जणींनी पाहिला आणि तिघींनीही मला तो दाखवला.

मग एका संध्याकाळी मेसेज आला. "आई, बारावीला मी इथेच राहू का? नाव तुझ्याच कॉलेजात राहील. प्रॅक्टिकलला येईन."

असं आता सगळेच करतात, हे खरं. नाव एका गावात, शिकणं दुसऱ्या गावात. पण ती सगळी मुलं केमिस्ट्रीच्या बाईच्या पोटची नसतात.

मी नवऱ्याला मेसेज दाखवला. त्याने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, "राहू दे की. परक्याकडे थोडीच आहे?"

"मी केमिस्ट्री शिकवते," मी म्हटलं.

"हो. म्हणून तर," तो म्हणाला आणि पेपरात शिरला. पुढे काय ते त्याने सांगितलं नाही. आमच्या घरात कोणी जास्त बोलायचं ते आधीच ठरलेलं आहे.

मी तिला शिकवलं नव्हतं असं नाही. जेवणाच्या टेबलावर रोज शिकवायची. अभिक्रियेच्या वेगाचा धडा सुट्टीआधीच काढला होता. मी सांगितलं, संहती वाढली की वेग वाढतो. म्हणजे पाण्यात पदार्थ जितका जास्त, तितके कण जास्त, तितक्या टकरा जास्त, तितकं काम लवकर. भरल्या बाजारात धक्के जास्त लागतात तसं. झालं, पुढे चल. ती म्हणाली, "थांब ना. कळलं नाही." मी म्हटलं, "यात न कळण्यासारखं काय आहे? आत्ता तर सांगितलं." मग मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तिने वहीत लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, परीक्षेत लिहील, काम होईल.

मी ठरवलं, रविवारी जाऊन घेऊन यायची. फोनवर जावेला एवढंच सांगितलं, "मी येतेय. संध्याकाळच्या गाडीने दोघी परत."

"या ना ताई," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "रविवारी मी मुलांना हायपोचा प्रयोग दाखवणार आहे. रोज सकाळी सातलाच असतो क्लास. पण तुमची बस अकराला पोचेल, तर मी दुपारीच ठेवते. तुम्हीही बघाल."

माझी परीक्षा की तिची, ते मला कळेना. मी बरं म्हटलं.

हा प्रयोग सोपा आहे आणि मी तो इतक्या वेळा करवून घेतला आहे की झोपेतही करवून घेईन. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, साखरेच्या खड्यासारखं दिसणारं. त्याचं पाण्यातलं द्रावण काचेच्या भांड्यात घ्यायचं. भांड्याखाली कागद, कागदावर काळी फुली. वरून थोडं ॲसिड घालायचं. हळूहळू आत गंधक तयार होतं, पाणी दुधट होत जातं आणि वरून पाहणाऱ्याला खालची फुली दिसेनाशी होते. ती कधी नाहीशी झाली ते घड्याळावर बघायचं. पुढच्या भांड्यात हायपो कमी आणि पाणी जास्त. त्याच्या पुढच्यात हायपो आणखी कमी, पाणी आणखी जास्त. एकूण माप तेच, ॲसिड तेवढंच. हायपो जितका पातळ, तितकी फुली उशिरा जाते. एवढाच सगळा धडा आहे.

आमच्याकडे मात्र तो वेगळ्या रीतीने होतो. बॅच मोठी, वेळ कमी. पातळ भांड्याजवळ उभं राहून वाट बघायला कोणाला सवड नसते. मुलं पहिल्या दोन भांड्यांचे आकडे घेतात आणि बाकीचे 'बसवतात'. आधी आलेखावर पट्टीने सरळ रेघ, मग रेघेवरून आकडे. मागच्या वर्षीचं जर्नल हाताशी असलं तर तेवढीही मेहनत नाही. मला ते दिसतं. मी सही करते. आमच्या कॉलेजात या प्रयोगाची रेघ आजवर कधी वाकडी आलेली नाही.

रविवारी सकाळच्या बसने निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून येणारा वारा दहालाच भट्टीसारखा होता. मी मनात वाक्यं तयार करत होते. 'घरची बाई असताना बाहेर शिकायला ठेवलं तर लोक काय म्हणतील' हे आधी तयार झालं. ते मी रद्द केलं, कारण तिने 'काकू बाहेरची आहे का' असं विचारलं असतं. 'तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं' हेही रद्द केलं. ते खरं होतं, पण मी तसं बोलत नाही. शेवटी 'चल, बॅग भर' एवढंच ठेवलं.

दाराशी आबा चपलांपाशीच बसले होते. मी पाया पडले.

"उनी का?" ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "पोरगीले लई जावाले उनी ना तू?"

"हो आबा, न्यायलाच आले."

"ऱ्हाऊ दे ना तिले आठे. तठे तू तिले बोलू देस का?" आणि मी काही म्हणायच्या आत, "तू मास्तरीन शे का फौजदारीन, हाईच माले आजवर समजनं नही."

ते हे हसत म्हणाले. मीही हसले. सासऱ्यांनी सुनेची अशी फिरकी घेतली की हसायचंच असतं. पण धाकटीची त्यांनी अशी फिरकी घेतलेली मी कधी ऐकली नाही.

मुलगी आतून धावत आली, "आई!" म्हणाली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि लगेच परत वळली. "काकू, ग्लास कुठले घेऊ? लांबडे की बुटके?" ती त्या घरात माझ्यापेक्षा जास्त सरावली होती. डबे कुठे, चमचे कुठे, सगळं तिला न विचारता सापडत होतं. माझ्या स्वयंपाकघरात तिला चहाची साखर सापडत नाही.

जेवणं झाली. जावेने वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी, आणि माझ्यासाठी मुद्दाम ताक. मला ताक लागतं हे तिच्या लक्षात असतं. असल्या गोष्टी तिच्या लक्षात राहतात. आणि त्याचं कौतुक करायचं काम दरवेळी माझ्यावर येतं.

दुपारी हॉल भरला. सतरंज्यांवर मुलं-मुली, एका खिडकीत घरघरणारा कूलर, पुढे लांब टेबल. मागे भिंतीला लागून एकच प्लास्टिकची खुर्ची, माझ्यासाठी. जावेने मुलांना सांगितलं, "या माझ्या मोठ्या जाऊबाई. जळगावला कॉलेजात शिकवतात. खरी केमिस्ट्री यांना येते." मुलांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या मुलीनेही. 'खरी केमिस्ट्री' हे ती मनापासून म्हणाली की मुलांना हसवायला, ते मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. वीस वर्षांत कधीच आलेलं नाही.

टेबलावर काचेचे चार ग्लास मांडले होते. प्रत्येकाखाली वहीचा कागद, कागदावर शाईच्या पेनाने काढलेली जाड फुली. जावेने आतून हायपोची बाटली आणली. बाटलीला लाल कागद चिकटवला होता. "आबांनी सरबत म्हणून पिऊ नये म्हणून," ती म्हणाली. मुलं हसली. तिच्या वर्गात मुलं सुरुवातीलाच हसतात. माझ्या वर्गात ती तास संपल्यावर हसतात, बाहेर गेल्यावर.

पहिल्या ग्लासात नुसता हायपो. दुसऱ्यात थोडं पाणी घातलं, तिसऱ्यात जास्त, चौथ्यात बरंचसं पाणीच. पाणी तिने कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाचं घेतलं. मापं बरोबर होती, मी लक्ष ठेवून होते. चार मुलांना चार ग्लासांवर बसवलं. माझी मुलगी पहिल्या ग्लासावर होती.

"आता सांगा, कोणाची फुली आधी जाईल?"

"पहिली!" सगळे ओरडले.

"का?"

"त्यात हायपो जास्त!"

चारही ग्लासांत एकदम ॲसिड घातलं. चार डोकी चार ग्लासांवर वाकली. गंधकाचा तो जळक्या काडीसारखा वास पसरायला लागला. मी खुर्चीत रेलून बसले. पहिला ग्लास, मग दुसरा, मग तिसरा. मला सगळं आधीच माहीत होतं.

चौथ्या ग्लासावरचा मुलगा ओरडला, "मॅडम, गेली!"

"कोणती?"

"माझी. चौथी."

"नीट बघ."

"नीटच बघतोय मॅडम, पार गेली."

मग तिसरी गेली. मग दुसरी. माझी मुलगी अजून वाकून बघत होती. "काकू, माझी अजून दिसतेय," ती म्हणाली. सगळ्यात जास्त हायपोचा ग्लास सगळ्यात शेवटी दुधट झाला.

 मग हशा फुटला.

"मॅडम, पाणी घातलं की ताकद वाढते!"

"आमच्या दूधवाल्याला कळू देऊ नका!"

"ग्लास उलटे लावले असतील."

"ग्लास बरोबर आहेत," जाऊ म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने हायपोची बाटली उचलून बघितली, खाली ठेवली, पाण्याचा मग उचलला. मग माझ्याकडे पाहिलं. ओझरतं, पण पाहिलं.

मला कळलं होतं. ती बघायच्या आधीच कळलं होतं. पहिल्या ग्लासाखालचा कागद ओला होता आणि फुलीची शाई कडेने फुटली होती. ग्लास बाहेरून घामेजला होता. म्हणजे हायपो फ्रीजमधला होता. आणि पाणी? मे महिना, धुळे, दुपारची वेळ, गच्चीवर काळी टाकी. त्या वेळी आमच्याकडे नळाच्या पाण्यात हात धरवत नाही. बायका दुपारी भांडी घासायची असली तर सकाळीच बादली भरून ठेवतात. तर नुसता हायपो होता थंडगार, आणि ज्यात जितकं जास्त पाणी घातलं तो ग्लास तितका गरम. हायपो पातळ झाल्याने काम मंदावलं, पण उष्णतेने त्याच्या दुप्पट पळवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि तिने एकच बदलली आहे असं समजून प्रयोग केला होता. सकाळी सातला, पाणी थंड असताना, हाच प्रयोग बिनचूक आला असता.

एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही. मी पदर सारखा केला आणि पुढे काय होतं ते बघत बसले. मला फार बरं वाटत होतं. पारोळ्याच्या उन्हात जी वाक्यं मी तयार करत होते त्यांची आता गरज नव्हती. मुलीने डोळ्यांनी पाहिलं होतं. बेस्ट टीचरचा प्रयोग उलटा आला होता, पन्नास मुलांसमोर.

जावेने हात पुसले. मला वाटलं, आता ती म्हणेल रसायन जुनं असेल, किंवा पुढच्या रविवारी बघू. मी हेच म्हटलं असतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही असं का झालं."

अमळनेरला बघायच्या कार्यक्रमात हसली होती तशीच हसली. "खरंच माहीत नाही. पुस्तक चूक नाही, एवढं नक्की. आपण काहीतरी वेगळं केलंय. काय केलं?"

मग जे सुरू झालं ते मी कधी ऐकलं नव्हतं. मुलं भांडायला लागली. कोणी म्हणे ॲसिड कमी पडलं, कोणी म्हणे ग्लासाला साबण राहिला, कोणी म्हणे बोअरचं पाणी खारं आहे, त्यातल्या क्षारामुळे झालं. जाऊ प्रत्येकाला एकच विचारत होती, "मग ते कसं बघायचं?" साबणवाल्याने ग्लास धुऊन आणले. खाऱ्या पाण्यावाला म्हणाला, माठातलं फिल्टरचं घेऊन बघू. आणि माझी मुलगी कोणाशी न बोलता पहिल्या ग्लासाजवळ उभी होती. तिने ग्लास उचलला. खालच्या ओल्या कागदाकडे बघितलं. दुसरा ग्लास उचलला, मग तिसरा, मग चौथा. चौथा हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. जेवणाच्या टेबलावर दहा महिने मी ज्याची वाट बघत होते ते हलणं हेच होतं, आणि ते हिच्या हॉलमध्ये हललं.

"काकू," ती म्हणाली, "हा गरम आहे. आणि माझा थंड आहे."

जावेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! टाकी!"

मग सगळ्यांनाच ग्लास हातात घेऊन बघायचे होते. मुलीने माठातलं पाणी आणलं, हायपो बशीत ओतून खोलीतल्या हवेवर येऊ दिला आणि चारही ग्लास पुन्हा लावले. या वेळी फुल्या पुस्तकाप्रमाणे गेल्या. शेवटच्या ग्लासाला फार वेळ लागला. कोणी उठलं नाही. पन्नास मुलं एका फुलीकडे बघत बसली होती. फुली गेली तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या सगळ्या नोकरीत गंधकासाठी टाळ्या वाजलेल्या मी ऐकल्या नाहीत.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहाला उभ्या होतो. जाऊ आलं किसत होती.

"ताई, तुम्हाला लगेच कळलं होतं ना?"

"हो."

"बोलला नाहीत."

"तुझा वर्ग होता."

तिने किसणी ठेवली. "ताई, तुम्ही माझी मजा बघत होतात."

मी खोटं बोलू शकले असते. "बघत होते," मी म्हटलं.

"मीही बघितली असती," ती म्हणाली आणि चहात आलं टाकलं. "एरवी मी हायपो सकाळी ताजा करते. तुम्ही येणार म्हणून रात्रीच करून ठेवला, सगळं तयार असावं म्हणून. मग उन्हाने खराब होईल असं वाटलं म्हणून फ्रीजमध्ये. तुमची धास्तीच घेतली होती."

"खाण्याच्या फ्रीजमध्ये रसायन ठेवत नाहीत."

"माहीत आहे. तुमच्यामुळे ठेवलं."

माझ्या येण्याची तिला धास्ती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. आनंद झाला. थोडाच टिकला, कारण तेवढ्यात मुलगी आत आली.

"आई, तुला माहीत होतं," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी मागे वळून बघितलं होतं. तुझा चेहरा बघूनच मला कळलं की तुला माहीत आहे. आणि तरी तू सांगितलं नाहीस! आयुष्यात पहिल्यांदा तू उत्तर सांगितलं नाहीस. मला शोधू दिलंस."

जावेने चहाच्या पातेल्याकडे बघत तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. तिचे खांदे हलत होते. तिने मला उघडं पाडलं असतं तर मी तिचं काही करू शकले नसते. ती गप्प राहिली.

"तू असंच शिकवणार असशील तर मी येते घरी," मुलगी म्हणाली. "खरंच. आजच येते. बॅग भरू?"

ज्यासाठी मी एरंडोल-पारोळा करत आले होते ते माझ्या हातात आलं होतं. 'चल, बॅग भर' हे वाक्य तयार होतं. संध्याकाळची गाडी होती. आणि मी हिशोबी बाई आहे, मी स्वतःलाही ओळखते. मी गप्प बसले ते समोर माझी जाऊ फजीत होत होती म्हणून. घरी, जेवणाच्या टेबलावर, समोर फक्त माझी मुलगी असते. तिथे मी तीन मिनिटांत उत्तर सांगून मोकळी होईन, आणि ती वही उघडून लिहून घेईल. माझ्या गप्प बसण्याला ही बाई खोलीत असावी लागते. तिच्याशिवाय ते होत नाही.

"राहा इथेच," मी म्हटलं.

मुलीचा चेहरा पडला की खुलला ते मी बघितलं नाही. कप विसळायला घेतले. दुपारी चारलाही नळाचं पाणी चटका देत होतं.

"पण रविवारी मी येणार," मी म्हटलं. "तुझ्या काकूचा वर्ग बघायला."

"मागची खुर्ची तुमचीच," जाऊ म्हणाली.

बाहेर पडले तेव्हा आबांनी माझ्या एकटीच्या हातातली एकच पिशवी बघितली. "एकलीच चालनी?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या चपला उचलून सरळ करून समोर ठेवल्या. सासऱ्यांनी चपला ठेवायच्या म्हणजे काय, मी संकोचले. पण ते सगळ्या मुलांच्या ठेवतात, तशाच माझ्याही ठेवल्या होत्या.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. मुलगी प्रॅक्टिकलला माझ्या कॉलेजात येते. हायपोच्या प्रयोगाला तिने आकडे बसवले नाहीत, शेवटच्या फुलीसाठी उभी राहिली, आणि तिच्यामुळे सगळी बॅच उशिरा सुटली. तिची रेघ थोडी वाकडी आली. मी सही केली.

रविवारचा क्लास आता दुपारीच असतो, आणि मी धुळ्याला जाते. मागच्या खुर्चीवर बसते. जाऊ आता प्रयोगाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून हॉलमध्ये ठेवते, म्हणजे सगळं एकाच तापमानावर राहतं. सुरुवात करण्याआधी ती सगळ्यांसमोर मला विचारते, "ताई, ठीक आहे ना?" मी मान हलवते. मुलांना वाटतं केवढा हा आदर. मला ते विचारणं अजिबात आवडत नाही, कारण त्यानंतर तिची चूक होण्याची शक्यता उरत नाही.

मी मात्र डोळे उघडे ठेवून बसते. कधी एखादा कागद ओला दिसतोय का, कुठे माप हुकतंय का. मधेच मुलगी मागे वळून माझ्या चेहऱ्याकडे बघते. त्यावर उत्तर आहे का ते शोधत असते. मी चेहरा कोरा ठेवते. ते आता मला चांगलं जमायला लागलं आहे. मग ती हसते, पुढे वळते, आणि काकूला प्रश्न विचारते.